नौकाविहारासाठीं निवांत बेटांची निवड

समुद्राकांठीं जाऊन चार दिवस राहावें, ही हौस शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना नवीन नाहीं. अलीकडे मात्र तिच्यांत एका निराळ्या प्रकाराची भर पडली आहे. परदेशांत शिडाची एखादी नौका, जिला यॉट म्हणतात ती, आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें घ्यावयाची. तिच्यावरच राहावयाचें, रांधावयाचें, निजावयाचें. आणि रोज संध्याकाळीं एका नव्या बेटाच्या आश्रयास नांगर टाकावयाचा, असा हा प्रवास असतो. असा बेत करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची पहिली अट एकच असते. जागा निवांत हवी, गर्दी नको. परंतु नकाशा पुढें पसरला कीं बोट जातें तें नेमकें त्याच चारपांच प्रसिद्ध नांवांवर. मग एवढ्या दूर जाऊन आणि एवढा पैसा खर्चून, संध्याकाळीं दादरच्या पुलावर जी दाटी भेटते तीच समुद्रांत भेटते, आणि मंडळी बेटाला दोष देत परत येतात.

दोष बेटाचा नसतो. गर्दी ही वाऱ्यासारखी कोठूनही येत नाहीं. ती ठरलेल्या वाटेनें, ठरलेल्या महिन्यांत आणि पुष्कळदां ठरलेल्या वारीं येते. तिच्या येण्याचीं कारणें समजून घेतलीं तर निवांत बेट नकाशावर शोधून काढणें अवघड नाहीं. मात्र अशा बेटाची एक किंमत असते. ती कधीं वाऱ्याशीं झुंजून द्यावी लागते, कधीं पाण्याच्या काटकसरीनें. ती किंमत अगोदर न जाणतां जो केवळ शांततेच्या मोहानें नांगर उचलतो, तो स्वतःची फसगत तर करून घेतोच, पण प्रसंगीं नौकेवरील बायकामुलांचा जीवही धोक्यांत घालतो. या विषयाचा विचार ग्रीस देशाच्या उदाहरणानें करणें सोयीचें होईल, कारण भाड्याच्या नौकांचा एवढा मोठा व्यवहार आणि बेटांची एवढी विविधता फार थोड्या ठिकाणीं एकत्र आढळते.

ग्रीसच्या भोंवतालीं लहानमोठीं मिळून सुमारें ६००० बेटें व खडक आहेत. पैकीं वस्ती आहे ती अवघ्या २२७ बेटांवर. देशाच्या पश्चिमेस आयोनियन समुद्र असून त्यांत कॉर्फू, लेफ्काडा, इथाका, केफालोनिया हीं बेटें येतात. पूर्वेस एजियन समुद्र पसरला आहे. त्याच्या मध्यभागीं सिक्लाडीस नांवाचा बेटांचा पुंजका आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत डोडेकनीज बेटांची ओळ आहे. आणि वायव्येच्या बाजूस स्पोराडीस बेटें आहेत. नौका दोन प्रकारांनीं भाड्यानें मिळते. एका प्रकारांत नुसती नौका ताब्यांत येते व ती हांकण्याची जबाबदारी पाहुण्यांवरच असते. त्यासाठीं मंडळींत एकाजवळ मान्य असा परवाना आणि दुसऱ्या एकास नौकेचा अनुभव असावा लागतो. दुसऱ्या प्रकारांत नौकेबरोबर तांडेलही घेतां येतो. ज्यांना शिडाची संवय नाहीं त्यांनीं दुसरा मार्गच धरावा; तेथें कसर करणें शहाणपणाचें नाहीं.

आतां गर्दीचीं कारणें पाहावयाचीं. तीं मुख्यतः चार आहेत. बेटावर विमानतळ असणें हें पहिलें. प्रचंड प्रवासी जहाजांचा थांबा असणें हें दुसरें. बेटाचें चित्र जगभर पसरणें हें तिसरें. आणि चौथें कारण ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, तें म्हणजे शनिवार.

पहिलीं तीन कारणें सांतोरिनी बेटावर एकत्र आलीं आहेत. हें बेट सुमारें ७६ चौरस किलोमीटरचें, कायमची वस्ती पंधरा-सोळा हजारांची. पण तेथें वर्षाला तीस लाखांहून अधिक पाहुणे येतात. मोठ्या जहाजांतून उतरणाऱ्या प्रवाशांवर २०२५ सालीं दिवसाला ८००० ची मर्यादा घालण्याची पाळी आली. गमतीची गोष्ट अशी कीं, लहान नौकेच्या दृष्टीनें हें जगप्रसिद्ध ठिकाण मुळांतच गैरसोयीचें आहे. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास झालेल्या प्रचंड ज्वालामुखी-स्फोटानें बेटाच्या मध्यभागास आजचें रूप आलें, आणि तेथें समुद्राची खोली जवळजवळ ४०० मीटरपर्यंत जाते. भाड्याच्या नौकेवर नांगराची सांखळी असते ती पन्नास-साठ मीटरांची. ज्या निळ्या पाण्याच्या चित्रासाठीं मंडळी तेथें जातात, त्या पाण्याचा तळ नांगराला गांठतांच येत नाहीं.

चित्राचा महिमा स्पोराडीसमधील स्कोपेलोस बेटानेंही अनुभवला आहे. खडकाच्या माथ्यावर वसलेलें तेथील एक लहानसें देऊळ 'मामा मिया' या २००८ सालच्या चित्रपटांत झळकलें, आणि तेव्हांपासून त्या खडकाच्या पायऱ्या चढण्यासाठीं परदेशांतून लोक येऊं लागले. अथेन्सजवळच्या हिद्रा बेटाची कथा निराळी आहे. तेथें मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळें बेट शांत असावें असा तर्क कोणीही करील. गल्लींत तो तर्क खरा ठरतो, पण बंदरांत ठरत नाहीं. भूमध्य समुद्रांत नौका बांधण्याची रीत अशी कीं, पुढें पाण्यांत नांगर टाकावयाचा आणि मागें मागें येत पिछाडी धक्क्याला बांधावयाची. लहानशा बंदरांत अशा पन्नास नौका दाटीनें लागल्या म्हणजे खालीं पाण्यांत सांखळ्यांचें जाळें विणलें जातें. सकाळीं एकानें नांगर उचलला कीं त्याच्याबरोबर शेजाऱ्याचाही वर येतो, आणि दिवसाचा आरंभ भांडणानें होतो.

राहिला शनिवार. ग्रीसमध्यें भाड्याचा आठवडा बहुधा शनिवारीं दुपारीं सुरू होतो आणि पुढच्या शनिवारीं सकाळीं संपतो. त्यामुळें शेकडों नौका एकाच वेळीं मूळ बंदरांतून बाहेर पडतात आणि दोनचार तासांच्या अंतरावर जें पहिलें सुंदर बंदर असेल तेथें रात्रीं गोळा होतात. शुक्रवारीं संध्याकाळीं त्याच साऱ्या परत फिरतात. मधल्या दिवसांतही बहुतेक तांडे एकाच क्रमानें तींच बेटें घेतात. यावर उपाय साधा आहे. नौका देणाऱ्यांना, तुमच्या इतर नौका कोणत्या क्रमानें फिरतात, एवढें विचारावें, आणि वारा अनुकूल असल्यास तोच फेरा उलट्या दिशेनें करावा. ज्या बंदरांत रविवारीं उभें राहावयास जागा नसते, तेथें बुधवारीं कोळ्यांच्या होड्या आणि मांजरें यांवांचून कोणी आढळत नाहीं.

वाराप्रमाणेंच महिन्याचें आहे. ग्रीक बेटांवर गर्दीचा कळस जुलै व ऑगस्टमध्यें होतो. त्यांतही १५ ऑगस्ट हा मेरीमातेचा मोठा सण. गणेशचतुर्थीला मुंबईकर चाकरमानी जसा कोंकणांत धांवतो, तसा अथेन्सचा माणूस त्या दिवसांत आपल्या मूळ बेटाकडे धांवतो. आगबोटी भरतात, घरें भरतात, धक्केही भरतात. याच्या उलट मे अखेर, जून आणि सप्टेंबर हे महिने निवांत असतात. महाराष्ट्रांतील शाळांची उन्हाळ्याची सुटी नेमकी मे महिन्यांत व जूनच्या आरंभीं येते, ही मराठी कुटुंबांच्या दृष्टीनें मोठीच सोय समजावी. त्या वेळीं भाडेंही कमी असतें. पाणी मात्र मे महिन्यांत बरेंच गार असतें. ऊबदार पाण्यांत पोहण्याची हौस असेल तर सप्टेंबर उत्तम. परंतु सप्टेंबरच्या उत्तरार्धांत पहिलीं शरद-वादळें संभवतात. २०२० सालच्या सप्टेंबरांत 'यानोस' नांवाच्या वादळानें इथाका व केफालोनिया येथील बंदरांत नांगरलेल्या नौकांचीही दैना उडविली. यास्तव महिना शांत आहे म्हणून हवामानाचें भाकीत पाहण्याचा कंटाळा करून चालणार नाहीं.

ऋतूचा विचार आला कीं वाऱ्याचा विचार ओघानेंच येतो, आणि निवांत बेटांच्या निवडींत सर्वांत महत्त्वाचा विचार हाच आहे. एजियन समुद्रावर उन्हाळ्यांत उत्तरेकडून एक कोरडा, जोरदार वारा वाहतो. त्याला हल्लीं मेल्टेमी म्हणतात. प्राचीन ग्रीक लोक त्याला एटेशियन, म्हणजे दरवर्षीं येणारा, असें म्हणत. अॅरिस्टॉटलनें आपल्या हवामानविषयक ग्रंथांत त्याची चर्चा केली आहे. मराठी वाचकाला या वाऱ्याची ओळख परकी वाटूं नये, कारण त्याचें आपल्या पावसाशीं दूरचें नातें आहे. उन्हाळ्यांत वायव्य हिंदुस्थान व पाकिस्तान यांवर हवेच्या कमी दाबाचें जें क्षेत्र तयार होतें, त्याचा एक पट्टा इराणवरून थेट तुर्कस्तानापर्यंत पसरतो. दुसरीकडे बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब अधिक असतो. या दोहोंमधील तफावतीमुळें एजियनवर वारा सुटतो. ज्या महिन्यांत सह्याद्रीवर पावसाच्या सरी कोसळतात, त्याच महिन्यांत तिकडे मेल्टेमी शिडें फाडूं पाहतो. आपला मान्सून हा शब्द अरबी 'मौसम' वरून आला. तिकडचा एटेशियन हा शब्द वर्ष या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. दोन्ही नांवें एकाच गोष्टीची साक्ष देतात: समुद्रावर जावयाचें तर प्रथम पंचांग पाहावें. कोंकणांतील नाखवा नारळी पौर्णिमेपूर्वीं होडी समुद्रांत लोटीत नाहीं, तो केवळ रूढीमुळें नव्हे.

मेल्टेमीचा विशेष असा कीं तो येतांना ढग आणीत नाहीं. आकाश स्वच्छ निळें असतें, ऊन लख्ख असतें, आणि वारा मात्र ब्यूफर्ट मापनाच्या ६ किंवा ७ अंकापर्यंत चढतो. ६ अंक म्हणजे ताशीं सुमारें ३९ ते ४९ किलोमीटर वेग. असा वारा तीन दिवस, क्वचित् आठवडाभरही टिकतो. उंच डोंगरांच्या बेटांवर आणखी एक फसवणूक असते. डोंगराच्या आडोशास वारा लागणार नाहीं असें वाटतें. प्रत्यक्षांत तो माथ्यावरून घसरत खालीं येतो आणि आडोशाच्याच बाजूस झपाटे मारतो. आन्द्रोस, आमोर्गोस, कार्पाथोस या बेटांची त्याबाबत ख्याती आहे.

या वाऱ्याच्या दिशेवरून मार्गाची निवड कशी बदलते हें एका हिशेबानें समजेल. अथेन्सहून सांतोरिनी सुमारें १३० सागरी मैल दूर आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जाऊन येऊन २६० मैल झाले. आठवड्यांत प्रत्यक्ष चालावयास सहा दिवस मिळतात, म्हणजे दिवसाला ४३ मैल. नौका ताशीं पांच-साडेपांच मैल चालते, म्हणजे रोज आठ तास प्रवास. जातांना वारा पाठीशीं असल्यामुळें मंडळी आनंदांत असतात. परततांना तोच वारा समोरून येतो. शिडाच्या नौकेला समोरच्या वाऱ्यांत सरळ जातां येत नाहीं, नागमोडी जावें लागतें, आणि अंतर जवळजवळ दीडपट होतें. शनिवारीं नौका परत देणें भाग असतें. अशा घाईंत, नको त्या हवेंत बाहेर पडण्याचा मोह होतो, आणि सुटीतले अपघात पुष्कळदां या मोहांतूनच घडतात. तेव्हां पहिला नियम असा: जातांना वाऱ्याविरुद्ध जावें, येतांना वाऱ्याबरोबर यावें, आणि आठवड्यांत निदान एक दिवस राखून ठेवावा.

या नियमाच्या दृष्टीनें डोडेकनीज बेटांकडे पाहावें. तेथें मेल्टेमी वायव्येकडून वाहतो. कोस येथून निघून कालिम्नोस, लेरोस असें करीत लिप्सी बेटाकडे जाणारा मार्गही वायव्येसच जातो. अंतर सारें ३५ ते ४० सागरी मैल. आरंभीचे दोन दिवस थोडे कष्टाचे, परतीचे दिवस सुखाचे. लिप्सीवर विमानतळ नाहीं, वस्ती आठशेंच्या आसपास. त्याच्या पलीकडे आर्की नांवाचें बेट आहे. तेथें पन्नासही माणसें राहत नाहींत, आणि नौका एका अरुंद खांचेंत शिरून विसांवा घेतात. आर्कीच्या शेजारीं एक चिमुकलें बेट आहे. त्याचें नांव वाचून मराठी माणूस चमकल्यावांचून राहणार नाहीं, कारण तें आहे 'माराथी'. महाराष्ट्राशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. ग्रीक भाषेंत बडीशेपेला 'माराथो' म्हणतात. तेथें कायमची वस्ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि उन्हाळ्यांत चालणाऱ्या दोनतीन खाणावळी. नौका बांधण्यासाठीं पाण्यावर जे तरंगते गोळे आहेत ते त्या खाणावळवाल्यांनींच टाकलेले असतात. गोळ्याला नौका बांधली तर रात्रीचें जेवण त्या घरीं घ्यावयाचें, हा तेथला शिरस्ता. जवळच पॅटमॉस आहे. संत योहानाला रोमन लोकांनीं तेथें हद्दपार केलें होतें अशी परंपरा असून तेथील मठ १०८८ सालीं स्थापन झाला. त्या बेटावर मोठीं जहाजें येतात, म्हणून तें दिवसां पाहून रात्रीं माराथीला परतावें, हें बरें.

सिक्लाडीसमध्यें निवांतपणा हवा असेल त्यानें नॅक्सॉसच्या दक्षिणेस व पूर्वेस असलेलीं लहान बेटें पाहावीं. इराक्लिया, स्किनूसा, कूफोनिसी आणि डोनूसा हीं तीं चार वस्तीचीं बेटें. विमानतळ एकावरही नाहीं. माणसें शंभर-दोनशें, फार तर चारशें. मात्र त्यांतही भेद आहे. कूफोनिसीचें नांव गेल्या कांहीं वर्षांत एवढें गाजलें आहे कीं ऑगस्टमध्यें तेथें शांतता शोधूं नये. शिवाय हीं बेटें मेल्टेमीच्या ऐन वाटेवर आहेत. जूनमध्यें तीं स्वर्गतुल्य वाटतील. जुलैच्या अखेरीस नवशिक्यानें तिकडे न जाणेंच चांगलें.

नवशिक्यांसाठीं आयोनियन समुद्र अधिक योग्य. तेथें मेल्टेमी पोंचत नाहीं. दुपारीं वायव्येचा वारा उठतो आणि सूर्यास्तानंतर बहुधा शांत होतो. पण सोय तेथें गर्दी या न्यायानें लेफ्काडाच्या आसपास तांड्यांची वर्दळ फार. त्यांतूनही मार्ग आहे. कालामोस व कास्टोस हीं बेटें त्याच परिसरांत असून त्यांचीं बंदरें लहान आहेत. धक्क्यावर जागा थोडी, ती दुपारींच भरते; परंतु ज्याला खाडींत नांगरावर राहतां येतें, त्याला धक्क्याची गरजच पडत नाहीं. नांगर टाकण्याची कला हीच खऱ्या अर्थानें एकांताची किल्ली आहे.

स्पोराडीसमध्येंही असेंच आढळतें. स्कियाथोसवर विमानतळ आणि गोंगाट. पण पूर्वेकडे आलोनिसोसच्या पलीकडे गेलें कीं चित्र पालटतें. तेथें १९९२ सालीं सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतील दुर्मिळ 'मंक सील' या प्राण्याच्या रक्षणासाठीं. किरा पानाग्या हें मठाच्या मालकीचें बेट त्या उद्यानांत असून त्याच्या खाड्यांत नौका थांबूं शकतात. पिपेरी बेटाच्या जवळ जाण्यास मात्र सक्त मनाई आहे. येथें शांतता आहे ती नियमामुळें, आणि ती टिकवावयाची तर नियम पाळणें ओघानेंच आलें.

निवांत बेटांच्या यादींत आणखी एक वर्ग आहे, आणि तो विचार करावयास लावणारा आहे. सांतोरिनीच्या पूर्वेस आनाफी नांवाचें बेट आहे. १९३६ सालीं ग्रीसमध्यें मेटाक्सासची हुकूमशाही आली, तेव्हां राजकीय विरोधकांना तेथें हद्दपार करून ठेवीत. उत्तर एजियनमधील आयोस एफ्स्त्रातियोस या बेटाचाही असाच उपयोग अनेक वर्षें होत होता. जें अंतर आणि जो एकांत एके काळीं शिक्षा म्हणून दिला जाई, तोच आज पैसे मोजून विकत घेतला जातो. परंतु या बेटांची दुर्गमता कांहीं नाहींशी झालेली नाहीं. आनाफीला सर्व बाजूंनीं आसरा देणारें बंदर नाहीं. वाऱ्याचा जोर वाढला कीं तेथें थांबतां येत नाहीं, आणि निघणेंही सोपें नसतें. जें बेट शांत आहे तें कां शांत आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळीं विचारला पाहिजे. पुष्कळदां उत्तर असें येतें कीं तेथें रात्र काढणें सुरक्षित नाहीं, आणि जाणती माणसें त्यासाठींच तेथें थांबत नाहींत.

म्हणून नकाशावर एखादी मोकळी खाडी दिसली कीं तीन गोष्टी तपासाव्या. ती कोणत्या दिशेस उघडी आहे. त्या रात्रीचा वारा कोठून येणार आहे. आणि तळ कशाचा आहे. पाण्याच्या खोलीच्या निदान चौपट-पांचपट सांखळी सोडावी लागते. पांच मीटर खोलींत पंचवीस मीटर. म्हणजे नौका त्या परिघांत फिरणार, आणि तेवढी जागा मोकळी हवी. गर्दीच्या खाडींत ती मिळत नाहीं, म्हणून तेथें थोडक्या सांखळीवर राहावें लागतें, आणि मध्यरात्रीं वारा फिरला तर नांगर सुटतो. गर्दी टाळणें ही नुसती चैन नव्हे; तो सुरक्षिततेचाही भाग आहे. तळ फिकट वाळूचा असेल तर नांगर घट्ट रुततो. गडद हिरवे-काळे पट्टे दिसले तर तें पोसिडोनिया नांवाचें समुद्रगवत होय. त्यांत नांगर नीट धरत नाहीं, आणि ओढला गेला तर तें उपटून निघतें. हें गवत वर्षाला जेमतेम कांहीं सेंटिमीटर पसरतें आणि माशांच्या पिलांना आसरा देतें. एका रात्रींत उपटलेला तुकडा भरून यावयास अनेक वर्षें लागतात. शिवाय जवळच दुसरी एक आश्रयाची जागा आधींच हेरून ठेवावी आणि अंधार पडण्यापूर्वीं तेथें पोंचतां येईल इतका वेळ हातीं राखावा.

वाऱ्यानंतरची दुसरी किंमत पाण्याची. सामान्य नौकेच्या टाकींत तीनचारशें लिटर गोडें पाणी असतें. आठ माणसें धरलीं तर माणशीं पन्नास लिटर. शहरांत दरडोई रोज १३५ लिटर पाणी हें आपल्याकडील पाणीपुरवठ्याचें प्रमाण मानतात. म्हणजे घरीं अर्ध्या दिवसालाही जें पुरत नाहीं त्यावर तीनचार दिवस काढावयाचे. मोठ्या बंदरांत टाकी पुन्हां भरतां येते. लहान बेटांवर प्रश्न निराळा असतो. तेथें पाऊस थोडा, झरे थोडे; पाणी बाहेरून जहाजानें आणावें लागतें किंवा समुद्राचें पाणी यंत्रानें गोडें करावें लागतें. दोनशें माणसांच्या गांवीं एका संध्याकाळीं वीस नौका लागल्या आणि प्रत्येकीनें टाकी भरली, तर कोणाच्या तरी घरच्या नळाला त्याची झळ पोंचते.

बेटावरच्या माणसांचा विचार येथेंच येतो. पारोस बेटावर २०२३ च्या उन्हाळ्यांत स्थानिक लोकांनीं किनाऱ्यावर निदर्शनें केलीं, कारण भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्या यांनीं वाळू एवढी व्यापली होती कीं गांवकऱ्यांना पंचा अंथरावयासही जागा उरली नव्हती. निवांत बेटांवर ही वेळ अजून आलेली नाहीं. पण ती येते कशी, तें पाहण्यासारखें आहे. नॅक्सॉसहून त्या लहान बेटांना नेणारी-आणणारी 'एक्सप्रेस स्कोपेलिटिस' ही छोटी आगबोट म्हणजे त्या लोकांचा दुकानदार, टपालवाला आणि दवाखान्याचा रस्ता. लहान धक्क्यावर तिची जागा ठरलेली असते. मोकळी दिसली म्हणून एखाद्या पाहुण्यानें तेथें आपली नौका बांधली, तर तो साऱ्या गांवाची वाट अडवितो. कचऱ्याचेंही तसेंच. लहान बेटाला तो टाकावयास जागा नसते. तो पिशवींत बांधून मोठ्या बंदरापर्यंत परत न्यावा.

मराठी कुटुंबांसाठीं एक व्यवहाराची सूचना. डोडेकनीज बेटांवरून तुर्कस्तानचा किनारा अगदीं हाताशीं दिसतो आणि तिकडे एक दिवस जाऊन यावें असा मोह होतो. पण तो दुसरा देश आहे; त्याचा परवाना वेगळा. शेंगेन परवाना एकाच प्रवेशाचा असेल तर एकदां बाहेर पडल्यावर ग्रीसमध्यें परत येतां येत नाहीं. भाड्याच्या करारांतही नौका परदेशांत नेण्यास बहुधा मनाई किंवा वेगळी अट असते. करार सही करण्यापूर्वीं वाचावा, नंतर नव्हे.

तेव्हां अनामत रक्कम भरण्यापूर्वीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहून काढावीं. ज्या महिन्यांत जावयाचें त्या महिन्यांत तेथें वारा कोठून व किती वाहतो? परतीचा मार्ग वाऱ्याबरोबर आहे कीं विरुद्ध? आणि एखादा दिवस बंदरांतच अडकून पडावें लागलें तर तो आनंदानें घालविण्याची तयारी आहे कीं नाहीं? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी असेल, तर निवांत बेटांचा नाद सोडून द्यावा आणि दुकानें, दिवे व सोबत असलेलें मोठें बंदर खुशाल निवडावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. होकारार्थी असेल त्यानें जूनचा आरंभ पाहून लिप्सी, आर्की किंवा कास्टोसची वाट धरावी, धक्क्यावरील आगबोटीची जागा सोडून आपली नौका बांधावी, गांवांतल्या खाणावळींत जेवावें, आणि टाकींतलें पाणी जपून वापरावें. असा पाहुणा पुन्हां आला तर गांवाला त्याचा भार वाटत नाहीं, आणि पुढच्या वर्षीं येणाऱ्या दुसऱ्या कुटुंबासाठीं तेथील शांतता शिल्लक राहते.